डायलिसिसवरच्या पेशंटची बायपास: करायची की नाही, आणि केली तर डायलिसिसचं काय

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ५८ वर्षांचे, जुना डायबेटिस, चार वर्षं डायलिसिसवर, आठवड्यातून दोनदा, डाव्या हातात फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी धमनी आणि शीर जोडून केलेला रस्ता). डायलिसिस चालू असतानाच छातीत दुखायला लागलं म्हणून अँजिओग्राफी केली, तर तिन्ही नळ्यांत ब्लॉक आणि लेफ्ट मेनमध्ये, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूला रक्त देणाऱ्या मुख्य नळीत, ७० टक्के. एक डॉक्टर म्हणतात बायपास करा, दुसरे म्हणतात डायलिसिसच्या पेशंटला फार रिस्क, औषधांवर ठेवा. आणि घरच्यांची भीती ही की बायपास केल्यावर काही दिवस डायलिसिस करता येत नाही, मग तेवढ्यात काय होईल. शेवटी हेही विचारलंय की आधी किडनी ट्रान्सप्लांट करायचं की आधी हार्ट.

मी कार्डिॲक ॲनेस्थेशियात काम करतो, म्हणजे ऑपरेशन चालू असताना पेशंटचं प्रेशर, रक्त, पोटॅशियम, श्वास हे सगळं बघणारा माणूस, आणि नंतर पहिल्या दोन रात्री आयसीयूत ज्याला फोन येतात तो. त्यामुळे उत्तर त्या बाजूने देतोय. आधी मुद्द्याचं सांगतो: अशा पेशंटमध्ये ग्राफ्ट, म्हणजे ब्लॉकला वळसा घालणारी रक्तवाहिनी, जोडणं हा भाग चांगला सर्जन करतोच, खरी परीक्षा असते ती आधीचे दोन दिवस आणि नंतरचे दोन दिवस शरीरातलं पाणी आणि पोटॅशियम कोण सांभाळणार याची. म्हणून हॉस्पिटल निवडताना सर्जनचं नाव विचाराच, पण त्याच्याबरोबर एक प्रश्न नक्की विचारा, रात्री दोन वाजता गरज पडली तर कार्डिॲक आयसीयूत पेशंटच्या बेडवर डायलिसिस होतं का? मशीन आहे का, त्या वेळी टेक्निशियन येतो का, नेफ्रॉलॉजिस्ट म्हणजे किडनीचे डॉक्टर फोनवर नाही तर प्रत्यक्ष येतात का? याचं उत्तर गोलमोल आलं तर तिथे करू नका, इतकं सरळ आहे.

आता करायचं की नाही. डायलिसिसवरच्या माणसाचं हृदय बिघडतं यात नवल काहीच नाही. १९६० मध्ये अमेरिकेत सिएटलला डॉ. बेल्डिंग स्क्रिबनर यांनी क्लाइड शील्ड्स नावाच्या पेशंटला पहिल्यांदा कायमच्या डायलिसिसवर ठेवलं, तो माणूस अकरा वर्षं जगला आणि १९७१ मध्ये गेला तो हार्ट ॲटॅकने. आजही डायलिसिसच्या पेशंटचे मृत्यू किडनीपेक्षा हृदयामुळेच जास्त होतात. फॉस्फरस आणि कॅल्शियमचा हिशोब बिघडतो, रक्तवाहिन्यांच्या भिंतीत चुना जमतो, प्रेशर वर्षानुवर्षं जास्त राहिल्याने हृदयाचा स्नायू जाड आणि कडक होतो, ॲऑर्टिक व्हॉल्व्ह इतरांपेक्षा लवकर आकसतो, आणि डायबेटिस असेल तर विचारायलाच नको.

औषधांवर ठेवा म्हणणारे दुसरे डॉक्टर काही चुकीचं बोलत नाहीयेत, त्यांच्या बोलण्यामागे आधार आहे. २०२० मध्ये इस्केमिया-सीकेडी नावाचा मोठा अभ्यास आला, ७७७ पेशंट, किडनी खूप खराब झालेले, त्यातले निम्म्याहून थोडे जास्त डायलिसिसवर. अर्ध्यांना लगेच अँजिओग्राफी करून स्टेंट किंवा बायपास, अर्ध्यांना आधी औषधं. तीन वर्षांचा हिशोब केला तर मृत्यू किंवा हार्ट ॲटॅक दोन्हीकडे जवळजवळ सारखेच, ३६ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे त्रास आटोक्यात असलेल्या स्थिर पेशंटला नुसता स्ट्रेस टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून धावत जाऊन बायपास करण्यात काही मिळत नाही, आणि हे मी स्वतः कितीतरी कुटुंबांना सांगून ऑपरेशनपासून परत पाठवलंय. पण त्याच अभ्यासात लेफ्ट मेनचा ब्लॉक असलेले पेशंट घेतलेच नव्हते, नुकताच ॲटॅक येऊन गेलेले किंवा हृदयाचं पंपिंग खूपच कमी असलेलेही नव्हते. तुमच्या वडिलांना लेफ्ट मेन आहे आणि डायलिसिसच्या खुर्चीवर बसल्यावर दुखतंय, म्हणजे तो अभ्यास त्यांना लावता येत नाही. पंपिंग ठीक असेल, हातापायाने फिरते असतील, पॅरालिसिस वगैरे झालेला नसेल, तर माझं मत बायपासच्या बाजूने जातं.

रिस्क मात्र लपवणार नाही. परदेशातल्या जुन्या मोठ्या नोंदी बघितल्या तर डायलिसिसच्या पेशंटमध्ये बायपासनंतर हॉस्पिटलातच मृत्यू होण्याचं प्रमाण ८ ते १२ टक्क्यांच्या घरात होतं, इतरांपेक्षा साधारण तिप्पट-चौपट. आता तयारी चांगली असेल तिथे हे कमी झालंय पण इतरांच्या बरोबरीला आलेलं नाही आणि येणार नाही. स्टेंटमध्ये सुरुवातीची रिस्क कमी, पण चुन्याने कडक झालेल्या नळ्या असतात, स्टेंट पुन्हा बंद होण्याचं प्रमाण जास्त, आणि काही वर्षांनंतरचा हिशोब केला तर एकापेक्षा जास्त नळ्यांच्या आजारात बायपासवाले पुढे असतात असं बहुतेक नोंदींमध्ये दिसतं. म्हणजे सुरुवातीला जास्त धोका पत्करून पुढची वर्षं विकत घ्यायची असा हा व्यवहार आहे, आणि तो पत्करायचा की नाही हे वडिलांनीच ठरवायचं, त्यांना नीट सगळं सांगून. बरेच मुलगे मला कॉरिडॉरमध्ये बाजूला घेऊन म्हणतात बाबांना सांगू नका. चार वर्षं आठवड्यातून दोनदा सुया टोचून घेणारा माणूस आपल्याला वाटतो त्यापेक्षा खूप जास्त समजून घेऊ शकतो.

डाव्या हाताच्या फिस्टुलाबद्दल मात्र सर्जनशी वेगळं बोला, कारण ही गोष्ट घाईत निसटते. बायपासमधला सगळ्यात टिकाऊ ग्राफ्ट म्हणजे छातीच्या आतली डावी रक्तवाहिनी, लिमा म्हणतात तिला. ही लिमा डाव्या हाताला रक्त देणाऱ्या वाहिनीतूनच फुटते, आणि त्याच हातात पुढे फिस्टुला. एकाच पाइपलाइनवर दोन कनेक्शन, त्यातलं एक पूर्ण उघडं, तसं होतं. फिस्टुलातून खूप रक्त वाहत असेल किंवा डाव्या खांद्याखालच्या वाहिनीत आधीच ब्लॉक असेल तर डायलिसिसचं मशीन चालू झाल्यावर हृदयाकडे जाणारं रक्त हाताकडे खेचलं जातं आणि बायपास होऊनही डायलिसिसवर छातीत दुखणं चालूच राहतं. म्हणून आधी डॉपलर करून फिस्टुलाचा फ्लो बघायचा, आणि फिस्टुलाच्या हातावर कफ लावून प्रेशर तपासता येत नाही म्हणून डाव्या खांद्याखालची ती वाहिनी अँजिओग्राफीच्या वेळीच बघून घेतलेली बरी. फ्लो माफक असेल तर बरेच सर्जन लिमाच वापरतात आणि ते योग्यच आहे, लिमा सोडून द्यायची गोष्ट नाही. फ्लो मिनिटाला दीड-दोन लिटरच्या वर असेल तर तो फिस्टुलाच हृदयावर ओझं टाकत असतो, मग छातीतली उजव्या बाजूची वाहिनी वापरणं किंवा आधी फिस्टुला आवरून घेणं याचा विचार करावा लागतो.

दुसरं, हातातली रेडियल आर्टरी ग्राफ्टसाठी काढू द्यायची नाही. आज डाव्या हातात फिस्टुला आहे, उद्या बंद पडला तर उजवा हात लागणार, आणि ती वाहिनी गेली की तो रस्ता बंद. पायाची शीर घ्या. अँजिओग्राफीसुद्धा शक्यतो मांडीतून, मनगटातून नको, तुमची झाली असेल तर आता काही करता येत नाही पण पुढच्यांसाठी सांगतोय. जाता जाता, अँजिओग्राफीच्या डायनंतर, म्हणजे नळ्या दिसण्यासाठी सोडलेल्या औषधानंतर, लगेच डायलिसिस केलंच पाहिजे असं काही नसतं, पाणी जास्त झालं असेल तरच, नाहीतर ठरलेल्या दिवशी पुरतं. मात्र वडिलांना दिवसाला थोडीफार लघवी होत असेल तर ती मौल्यवान आहे, तिच्यासाठी डाय कमी वापरायला सांगायचं आणि दुखण्याची डायक्लोफेनॅकसारखी इंजेक्शनं टाळायची.

आता आधीचे दिवस. आठवड्यातून दोनदा डायलिसिस हे आपल्याकडे खर्चामुळे आणि अंतरामुळे चालतं, पण ऑपरेशनच्या आधी निदान दोन आठवडे तीनदा करून घ्या, म्हणजे पाणी खरोखर उतरतं आणि ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी नसतानाचं खरं वजन, नक्की काय ते कळतं. ऑपरेशन ठेवायचं ते डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी. सोमवार-बुधवार-शुक्रवार डायलिसिस असेल तर मंगळवार किंवा गुरुवार, आणि मी स्वतः मंगळवारच मागतो, कारण पुढचे तीन-चार दिवस सगळा स्टाफ पूर्ण हजर असतो. शनिवारी करून रविवारची रात्र अर्ध्या स्टाफवर काढायला मला अजिबात आवडत नाही. आदल्या दिवशीचं डायलिसिस हेपरिनशिवाय (हेपरिन म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध) किंवा अगदी कमी हेपरिनवर. आणि त्या दिवशी टेक्निशियनला ऑपरेशन आहे म्हणून दोन लिटर जास्त काढ असं कोणी सांगू देऊ नका, जाड आणि कडक झालेलं हृदय भरायला थोडं पाणी लागतं, कोरडा पेशंट भूल दिल्या दिल्या प्रेशर सोडतो आणि मग आम्ही तेच पाणी सलाइनने परत भरतो. ड्राय वेटला किंवा त्याच्या अर्धा किलो वर, बस.

पोटॅशियम डायलिसिस संपल्या संपल्या तपासलं तर खोटं कमी दिसतं, पेशींमधून ते पुढच्या काही तासांत रक्तात परत येतं, म्हणून पाच-सहा तासांनी किंवा ऑपरेशनच्या दिवशी पहाटे तपासतो. चार ते पाचच्या मध्ये असलं की आम्ही खूश. फार खाली आणायला अगदी कमी पोटॅशियमचं पाणी वापरलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, तेही नको.

रक्ताचं म्हणाल तर हिमोग्लोबिन दहाच्या आसपास असावं. एरिथ्रोपोएटिन आणि आयर्नने ते वाढवायला काही आठवडे लागतात, चार दिवसांत वाढत नाही, म्हणून ऑपरेशन तातडीचं नसेल तर तारीख ठरायच्या आधीपासून नेफ्रॉलॉजिस्टला कामाला लावा. बाटल्या चढवून नंबर गाठायची घाई करू नका, विशेषतः वडिलांचं नाव किडनी ट्रान्सप्लांटच्या यादीत असेल तर, कारण दुसऱ्याच्या रक्तामुळे शरीरात अँटिबॉडी तयार होतात आणि पुढे जुळणारी किडनी मिळणं अवघड होतं. द्यावंच लागलं तर पांढऱ्या पेशी गाळलेलं रक्त, शक्यतो ताजं, कारण साठवलेल्या रक्तात पोटॅशियम वाढत जातं, आणि आधीच्या दिवशी डायलिसिस चालू असतानाच द्यायचं म्हणजे पाणी आणि पोटॅशियम दोन्ही मशीन काढून घेतं. क्लोपिडोग्रेल चालू असेल तर पाच दिवस आधी बंद, ॲस्पिरिन चालू ठेवतो, प्रेशरच्या प्रिल आणि सार्टन प्रकारच्या गोळ्या आदल्या दिवशी बंद, बीटा ब्लॉकर अजिबात बंद करायचं नाही. आणि लो मॉलिक्युलर हेपरिनची पोटात टोचायची इंजेक्शनं, जी ॲटॅकच्या पेशंटला सर्रास सुरू करतात, ती किडनीतून बाहेर पडतात. डायलिसिसच्या पेशंटमध्ये ती साचतात आणि प्रोटामिनने, म्हणजे हेपरिनच्या उताऱ्याने, पूर्ण उतरतही नाहीत. साधं हेपरिन वापरा, हे गावाकडच्या आयसीयूतून रेफर करताना लक्षात ठेवलं तर आमचं निम्मं ब्लीडिंग वाचेल.

एचबीए१सी बघून शुगर छान आहे असं समजू नका, डायलिसिसमध्ये लाल पेशी लवकर मरतात आणि तो आकडा खोटा कमी येतो, रोजची ग्लुकोमीटरची शुगरच बघा. नाकात म्युपिरोसिन मलम आणि क्लोरहेक्झिडिनची अंघोळ आधीच्या काही दिवसांत करतो, कारण डायलिसिसच्या पेशंटच्या नाकात आणि त्वचेवर स्टॅफ जंतू जास्त असतात आणि छातीच्या हाडाचं इन्फेक्शन झालं तर मग महिने जातात. मानेत कॅथेटर असेल तर ते आधी बघा, ताप असेल तर कल्चर. त्या कॅथेटरमधून जंतू जाऊन व्हॉल्व्ह खराब झालेले तरुण पेशंट मी बरेच बघितलेत, फिस्टुला वेळेत करून घ्या म्हणून नेफ्रॉलॉजिस्ट मागे लागतात ते त्यासाठीच.

थिएटरमध्ये काय करतो ते थोडं सांगतो कारण हे वाचणाऱ्यांत काही रेसिडेंट म्हणजे शिकाऊ डॉक्टरही असतील. फिस्टुलाच्या हातात काहीही नाही, ना सुई, ना आर्टेरियल लाइन (धमनीत टाकून सतत प्रेशर दाखवणारी नळी), ना प्रेशरचा कफ. तो हात कापसात गुंडाळून वेगळा ठेवायचा आणि मधून मधून थ्रिल, म्हणजे फिस्टुलातली थरथर, हाताला लागतंय का बघायचं, प्रेशर बराच वेळ खाली राहिलं तर फिस्टुला गोठतो आणि मग दुसऱ्या दिवशी डायलिसिस कुठून करणार? आर्टेरियल लाइन मांडीत. हासळीच्या हाडाखालची सबक्लेव्हियन लाइन टाळायची, ती वाहिनी आकसली की त्या बाजूचा फिस्टुला गेला. भूल देताना स्नायू सैल करायला वापरतात ते सक्सिनिलकोलिन पोटॅशियमचा आकडा साधारण ०.५ ने वाढवतं, म्हणून पोटॅशियम आधीच वर असेल तर नको. स्नायू सैल करायला ॲट्राक्युरियम किंवा सिसॲट्राक्युरियम, ते किडनीच्या भरवशावर नसतात. ब्लीडिंग कमी करणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडचा डोस कमी करायचा, नेहमीचा दिला तर नंतर झटके येतात आणि मग आपण स्ट्रोक झाला म्हणून सीटीला पळवतो.

पंपावर, म्हणजे हृदय थांबवून मशीनने रक्त फिरवत, की पंपाशिवाय? आपल्याकडे धडधडत्या हृदयावर बायपास करण्याचा हात सर्जन लोकांना चांगला बसलेला आहे, आणि डायलिसिसच्या पेशंटमध्ये मला तेच आवडतं, पंपाचं पाणी नाही, हृदय थांबवायचं पोटॅशियमवालं सोल्युशन नाही. पण हट्ट नको. हृदय उचलल्यावर प्रेशर पडत राहिलं तर पंपावर जाणंच सुरक्षित, लेफ्ट मेनमध्ये तर जास्तच. पंपावर गेलो तर सर्किटमध्ये हिमोफिल्टर, म्हणजे रक्तातलं पाणी गाळून काढणारा फिल्टर, जोडायचा, ते आधी ठरवून, ऐनवेळी नाही, आणि त्यातून पाणी आणि पोटॅशियम काढत राहायचं. जितकं काढलं तितकंच पोटॅशियम नसलेलं सोल्युशन परत द्यायचं अशी झिरो बॅलन्स पद्धत वापरली तर पाण्याचा तोल न बिघडवता पोटॅशियम उतरतं. पंप चालवणाऱ्या परफ्युजनिस्टने पंपात आधी भरायचं, म्हणजे प्राइमिंगचं, पाणी कमीत कमी ठेवायचं. सरासरी (मीन) प्रेशर नेहमीपेक्षा थोडं वरच, ६५-७० च्या वर. आणि ॲऑर्टाला हात लावायच्या आधी त्यात चुना किती आहे ते बघणं, आधी साधा सीटी किंवा थिएटरमध्ये ॲऑर्टावरच सोनोग्राफी, हे डायलिसिसच्या पेशंटमध्ये चैन म्हणून नाही, स्ट्रोक टाळायचा तर करायलाच हवं.

ब्लीडिंग जास्त होतं हे गृहीत धरायचं. प्लेटलेटचा आकडा बरोबर असतो पण युरियामुळे त्या काम करत नाहीत. डेस्मोप्रेसिन ०.३ मायक्रोग्रॅम दर किलोला, हळू हळू वीस-तीस मिनिटांत, तासाभरात परिणाम दिसतो आणि काही तास टिकतो, पुन्हा पुन्हा दिलं तर गुण कमी येतो. पेशंट गरम ठेवायचा, कॅल्शियम बघायचं, हिमोग्लोबिन फार खाली जाऊ द्यायचं नाही कारण लाल पेशी पुरेशा असल्या तरच प्लेटलेट भिंतीला चिकटतात.

आता नंतरचं, जिथे तुमच्या घरच्यांची भीती आहे. बायपासनंतर डायलिसिस करता येत नाही हे खरं नाही. पेशंट स्थिर असेल तर बहुतेक वेळा २४ ते ४८ तासांत पहिलं डायलिसिस होतं, आणि गरज पडली तर त्याच रात्रीही करतो. पहिली रात्र दर दोन तासांनी पोटॅशियम, ब्लड गॅस मशीनवर दोन मिनिटांत कळतं. सहाच्या पुढे चाललं किंवा ईसीजी बदलला तर कॅल्शियम ग्लुकोनेट, इन्सुलिन-डेक्स्ट्रोज हे वेळ काढायला, खरा इलाज मशीनच. इन्सुलिन किडनी नसलेल्या शरीरात जास्त वेळ टिकतं, म्हणून पुढचे पाच-सहा तास दर तासाला शुगर बघायलाच लागते, व्हेंटिलेटरवर झोपलेल्या पेशंटला शुगर पडून घाम फुटला तर कोण विचारणार आहे? छातीत पाणी साचून ऑक्सिजन कमी होणं किंवा ॲसिडोसिस म्हणजे रक्तातलं आम्ल वाढणं, हीसुद्धा लवकर सुरू करायची कारणं.

हे पहिलं डायलिसिस नेहमीच्या चार तासांचं नसतं. प्रेशर नाजूक असतं म्हणून सहा ते आठ तास हळू हळू, ज्याला आम्ही स्लेड म्हणतो, रक्ताचा वेग मिनिटाला १५०-२०० मिली, हेपरिन नाही, गोठू नये म्हणून दर अर्ध्या तासाने सलाइन मारायचं आणि ते सलाइनही हिशोबात धरायचं, तोच हिशोब रात्रपाळीत राहून जातो. चोवीस तास संथ चालणारं डायलिसिस, सीआरआरटी, असतं तेही चांगलं, पण महाग आहे आणि स्लेड व्यवस्थित करणारी टीम असेल तर बहुतेक पेशंट त्यावर निघून जातात. प्रेशर टिकवणारं नॉरॲड्रिनॅलिन चालू आहे म्हणून डायलिसिस नको असं काही जण म्हणतात, उलट थोड्या सपोर्टवर पाणी काढलं की हृदय हलकं होतं आणि सपोर्ट कमी होत जातो. पोटाचं डायलिसिस करणाऱ्यांना, सीएपीडीवाल्यांना, डायफ्रामला धक्का लागला नसेल तर कमी पाण्याने तेच चालू ठेवता येतं.

वॉर्डात आल्यावर औषधांवर डोळा ठेवा, इथे घरचा माणूस खरोखर उपयोगी पडतो. पेशंट तिसऱ्या-चौथ्या दिवशी खूप झोपाळलेला, गोंधळलेला वाटायला लागला तर चार्ट मागा. प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन, ट्रामाडॉल, मॉर्फिन हे किडनी नसलेल्यांत साचतात. उचकी लागली म्हणून बॅक्लोफेन दिलं आणि पेशंट दोन दिवस उठलाच नाही हे बऱ्याच ठिकाणी घडतं, आणि त्याचाही इलाज डायलिसिसच. सेफेपाइम नावाचं अँटिबायोटिक नेहमीच्या डोसमध्ये गेलं तरी असाच गोंधळ. पोट साफ व्हायला मॅग्नेशियमवालं औषध किंवा फॉस्फेटचा एनिमा नको, लॅक्टुलोज चालतं. डॉक्टरांना विचारायला लाजू नका, डायलिसिसचा पेशंट आहे, डोस बघितलाय ना, एवढं एक वाक्य प्रत्येक नव्या गोळीला.

आणि शहाळं! कळकळीने सांगतो. बायपास झाली की भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं नाहीतर मोसंबीचा ज्यूस घेऊन येतो, प्रेमाने पाजतो, आणि नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. बेडजवळ चिठ्ठी लावा, काहीही द्यायच्या आधी सिस्टरला विचारा म्हणून. बाजारात लो सोडियम मीठ मिळतं त्यातही सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं, प्रेशरला चांगलं म्हणून ते घरी आणू नका. जेवण मात्र कमी करू नका, प्रोटीन लागतं, अंड्याचं पांढरं, पनीर, जे चालत असेल ते, नाहीतर छातीचं हाड जुळत नाही.

घरी गेल्यावर दोन गोष्टी डायलिसिस सेंटरला लेखी द्यायच्या. एक, ड्राय वेट बदलतं. ऑपरेशननंतर माणूस अंगाने उतरतो, स्नायू कमी होतात, वजनकाट्यावर जुनाच आकडा दिसतो म्हणजे खरं तर त्यातलं दोन-तीन किलो पाणी असतं. जुन्या ड्राय वेटवर डायलिसिस चालू राहिलं तर पंधरा दिवसांत दम लागून परत ॲडमिट. दुसरं, ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिन्यात डायलिसिसवर अचानक प्रेशर पडायला लागलं, आधी पडत नव्हतं आणि आता प्रत्येक वेळी पडतंय, तर पाणी जास्त काढलं म्हणून सोडून देऊ नका, त्याच दिवशी इको करा. हृदयाभोवती हळू हळू रक्त किंवा पाणी साचतं, डायलिसिसचं हेपरिन परत सुरू झाल्यावर जास्तच, आणि ते वेळेत कळलं तर एका नळीने सुटतं. हेपरिन कधी आणि किती परत सुरू करायचं ते सर्जनकडून लिहून घ्या, टेक्निशियनच्या अंदाजावर नको.

व्हॉल्व्हबद्दल कोणी विचारेल म्हणून एवढंच, पूर्वी डायलिसिसच्या पेशंटला मेटलचाच व्हॉल्व्ह बसवा असं अमेरिकन गाइडलाइनमध्ये होतं, ते २००६ मध्ये काढलं, कारण जगण्यात फरक दिसला नाही आणि वॉरफेरिनमुळे ब्लीडिंगचा ताप. आता बहुतेकांना टिशू व्हॉल्व्ह किंवा छाती न उघडता मांडीतून बसवायचा व्हॉल्व्ह, म्हणजे टावी, वय आणि ट्रान्सप्लांटची शक्यता बघून.

पैशांचं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बायपासही आहे आणि डायलिसिसही, पण बायपासच्या पॅकेजमध्ये ॲडमिट असतानाचं आयसीयूतलं डायलिसिस कसं धरतात ते ॲडमिशनच्या आधी आरोग्यमित्राला विचारून घ्या, नंतर बिलावरून वाद नको. मुंबईत केईएमसारख्या सरकारी-महापालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलांत नेफ्रॉलॉजी आणि हार्ट सर्जरी एकाच छपराखाली आहे, वेटिंग असतं पण अशा पेशंटला ते एक छप्पर फार महत्त्वाचं.

तुम्ही शेवटी विचारलंय आधी किडनी ट्रान्सप्लांट की आधी हार्ट. आधी हार्ट. लेफ्ट मेन तसंच ठेवून कोणताही ट्रान्सप्लांट सर्जन टेबलवर घेणार नाही. इथे बायपासचा एक फायदा असाही की स्टेंटनंतर रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या काही महिने बंद करता येत नाहीत आणि ट्रान्सप्लांट तेवढा लांबतो, बायपासनंतर नुसत्या ॲस्पिरिनवर बरेच लवकर पुढे जाता येतं. आता ओपिनियनला जाताना अँजिओग्राफीची सीडी, इकोचा रिपोर्ट, आणि गेल्या महिन्याचे डायलिसिसचे सगळे चार्ट घेऊन जा, ज्यावर आधीचं-नंतरचं वजन, प्रेशर आणि किती पाणी काढलं ते लिहिलेलं असतं. सर्जनने ते बघितले नाहीत तर ॲनेस्थेटिस्टला भेटायचंय म्हणून सांगा आणि त्यांच्यासमोर ठेवा. आणि तोपर्यंत डायलिसिसवर छातीत दुखलं तर दोन डायलिसिसमध्ये पाणी कमी प्यायचं, मशीनवर पाणी हळू काढायला सांगायचं, आणि जिभेखालच्या गोळीनेही दुखणं दहा-पंधरा मिनिटांत थांबलं नाही तर डायलिसिस तिथेच थांबवून सरळ हार्टच्या हॉस्पिटलला न्यायचं, तारखेची वाट बघायची नाही.